कारणाचा रकाना

नागोजी रायटर टीव्हीचा जबाब घेत. दुसरा शब्द मला सुचत नाही. रविवारी सकाळी ती पोलिसांची मालिका लागायची वेळ झाली की ते खुर्ची पडद्यासमोर जरा तिरकी लावत. उजव्या कानावर निळं बॉलपेन, मांडीवर अर्ध्यात दुमडलेला कोरा कागद. समोर जाजमावर आमच्या बोळातल्या पंधरा-वीस बाया, बहुतेक तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या. मालिका हिंदी. बायांचं हिंदी बाजारापुरतं. पडद्यावर कोणी बोललं की नागोजी ते मराठीत सांगत आणि वर एक पुस्ती जोडत, "आता हे त्यो का बोलला? कारण काय, ते बघा."

पोलीस ठाण्यात जो हवालदार लिहिण्याचं काम करतो त्याला रायटर म्हणतात. नागोजींनी उभी नोकरी तेच केलं. ठाण्यात येणारा माणूस मराठी बोलायचा, सरकारी कागद कानडीत व्हायचा. म्हणजे कान मराठी आणि हात कानडी. लिहून झालं की तोच कागद माणसाला मराठीत वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायचा, आणि खाली लिहायचं, ‘वाचून दाखवले, बरोबर आहे.’ आपल्या भागात हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कुणाला त्यात काही वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

मी त्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली तेव्हा मला तेविसावं लागलं होतं. वडील बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत होते. मी कॉलेज अर्धवट सोडून निपाणीत वखारीतल्या बायांच्या संघटनेचं काम करायला आलो होतो. काम म्हणजे मुख्यतः पत्रकं लिहिणं. पहिल्या दिवशी नागोजींनी मला उंबऱ्यातच उभं केलं.

"नाव?"

सांगितलं.

"गाव?"

सांगितलं.

"निपाणीला येण्याचं कारण?"

"शोषण," मी म्हणालो. छाती काढूनच म्हणालो असेन.

ते माझ्याकडे बघत राहिले. "शोषण हे कारण न्हाय रं. त्यो निकाल हाय. निकाल आधी लिवायचा नसतोय." आणि आत बघून ओरडले, "पार्वती, च्या टाक. पत्रक आलंय."

त्या दिवसापासून मी पत्रक. ‘काय रं पत्रक, जेवलास?’ ‘पत्रकाला भाजी दे.’ माझं खरं नाव त्या घरात कुणी घेतलं नाही.

कारण हा त्यांचा रोगच होता. दूधवाला उशिरा आला, कारण? मांजर आज माडीवर का झोपलं, कारण? पार्वतीआक्का म्हणायच्या, "मेल्यावर यमालाबी उंबऱ्यात उभा करतील. न्यायला आलास, कारण काय? लिवून दे म्हणतील." नागोजी हसायचे नाहीत. "लिवूनच घ्यावं लागंल. तोंडी चालत न्हाय."

पेनाचाही एक नेम होता. पेन कानावर असलं म्हणजे कागद चालू. खिशात गेलं म्हणजे कागद बंद. निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण पेन खिशात गेलेलं मी पाहिलं नव्हतं. झोपताना उशाशी काढून ठेवत म्हणे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "एक कागद चालू हाय अजून." मला वाटलं थट्टा.

मालिकेत दोनच माणसं महत्त्वाची. इन्स्पेक्टर माथूर, तरुण, तापट, सरळ. आणि त्याचा म्हातारा हवालदार बद्रीप्रसाद. माथूर गुन्हा शोधायचा. बद्री त्याची छत्री धरायचा, टोपी सांभाळायचा, तोंड मिटून मागे उभा राहायचा. सगळं गाव माथूरवर फिदा. वखारीतल्या पोरी त्याच्यासारखी बाही दुमडायच्या. नागोजी मात्र फक्त बद्रीला बघत.

"माथूरात काय बघायचं?" ते म्हणत. "त्याला खरं शोधायचं हाय. खरं शोधणाऱ्याला कारण लागत न्हाय. त्यो मागं उभारलाय त्याला बघा. त्यो का उभारलाय?"

"भितोय," गोदाक्का म्हणायची.

"खातोय साहेबाच्या घरात," पार्वतीआक्का. "दोनदा दाखवलं की. साहेबाच्या बायकोनं ताट वाढलंतं."

"न्हाय." नागोजी मान हलवत. "तिसऱ्या भागात साहेबानं त्याला चारचौघांत ‘आप’ म्हटलं. तुम्ही म्हटलं. साऱ्या नोकरीत त्याला कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं. तवापासनं त्यो साहेबाचा."

"एवढ्यावर?" गोदाक्का हसली. "मला तर तुमी कवापासनं गोदाक्का म्हणताय, आप्पा. मग मी तुमची का?"

बाया खिदळल्या. नागोजींनी पडद्याकडं तोंड फिरवलं.

ही गोदाक्का आमच्या संघटनेतली सगळ्यात कणखर बाई. बौद्धवाड्यातली. तंबाखू चाळून चाळून तिच्या बोटांना जो तपकिरी रंग चढला होता तो लग्नाच्या दिवशीही गेला नव्हता, असं ती स्वतः सांगायची. तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगतो. पहिल्यांदा ती मालिका बघायला आली तेव्हा पार्वतीआक्कांनी सगळ्यांना कपात चहा दिला आणि तिच्यासाठी खिडकीतला वेगळा गिलास काढला. मी उसळून काहीतरी बोलणार होतो, माझ्याकडे वाक्य तयार होतं. नागोजी उठले, गिलास घेतला, मांडणीत सगळ्या कपांच्या मधे ठेवला आणि बायकोला विचारलं, "येगळा का? कारण?" पार्वतीआक्कांना कारण सांगता आलं नाही. पुन्हा तो गिलास खिडकीत गेला नाही.

पण गोदाक्का त्यांना मानायची ती त्या गिलासामुळं नव्हे. तिची धाकटी बहीण शालन सत्तरच्या दशकात वखारीत धुरात गुदमरून मेली. बारदानाला आग लागली. आग मोठी नव्हती, पण दार बाहेरून कुलूपबंद होतं. तेव्हा वखारींची रीतच ती होती. बाया तंबाखू चोरतील म्हणून सकाळी आत घ्यायच्या, बाहेरून कुलूप, आणि संध्याकाळी एकेकीची झडती घेऊन सोडायच्या. मी हे लिहितो आहे तेव्हाही काही वखारींत तीच रीत आहे. त्या दिवशी किल्लीवाला जेवायला गेला होता. गोदाक्का बाहेर अंगणात वाळवण पसरत होती. तिनं दार बडवलं, दगड घातला. दार उघडेपर्यंत आतल्या बाया खिडकीच्या जाळीशी तोंड लावून कशाबशा वाचल्या. शालन सगळ्यात मागे होती.

त्या मरणाचा गोदाक्काचा जबाब नागोजींनी घेतला होता. जवळच्याच एका ठाण्यात ते तेव्हा रायटर होते.

"समदे साहेब बोलत होते, मला कोण बोलूच देत नव्हतं," ती सांगायची. "ह्यो एक माणूस खाली बसला. बोल म्हणला. मी बोलली ते समदं लिवलं आणि वाचून दाखवलं. दाराला भाईरनं कुलूप होतं, हे दोनदा वाचलं. मग मी अंगठा दिला. कागदात हाय ते. कवाबी काढून बघ."

आम्ही तेव्हा कुलुपांविरुद्ध मोहीम उघडली होती. वखारीचं दार कामाच्या वेळात उघडं राहिलं पाहिजे, एवढीच मागणी. मालक म्हणत होते, कुलूप कधी नव्हतंच. मग मी ठरवलं, तो कागद काढायचा. मयत बाईच्या सख्ख्या बहिणीचा पोलिसांनी घेतलेला जबाब. त्यापुढं कोण काय बोलणार? पत्रकाचा मथळासुद्धा मी लिहून ठेवला.

नागोजींना सांगितलं तर म्हणाले, "जुना कागद. वाळवी लागली असंल."

"अर्ज तर करतो."

"कर," ते म्हणाले. थोड्या वेळानं माडीच्या जिन्यापाशी आले. "लई दिवस लागतात रं नक्कल मिळायला."

लागले. चकरा मारून मारून आठ महिन्यांनी कोर्टातून नक्कल मिळाली. मी बेळगावच्या शाळेत शिकलो, कानडी मला वाचता येतं. एसटी स्टँडवरच्या बाकावर बसून वाचली. जबाब देणार, गोदावरी. मयत, माझी सख्खी बहीण. वखारीचे दार उघडे होते. सर्व बाया बाहेर आल्या. माझी बहीणही बाहेर आली होती, परंतु जेवणाचा डबा आत राहिल्याने तो आणण्यासाठी ती आपणहून परत आत गेली. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वाचून दाखवले, बरोबर आहे. खाली गोदाक्काचा अंगठा, आणि बाजूला नागोजींचं वळणदार अक्षर. पुस्तकात छापावं असं अक्षर.

मला संताप यायला हवा होता. रोज येतो. त्या दिवशी नाही आला. मी समोरचं गाडीचं वेळापत्रक वाचत बसलो. सदलग्याची गाडी कधी, संकेश्वरची कधी. मग घरी गेलो.

नागोजी ओसरीवर होते. पार्वतीआक्का पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मी नक्कल त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही. अक्षर लांबून ओळखलं असणार.

"कारण सांगा," मी म्हणालो.

त्यांनी एक शेंग उचलून सोलली. मग म्हणाले, "मालिका संपली, पण त्याचा पिक्चर निघालाय. ठावं हाय का? तीच माणसं. म्होरचं समदं त्यात हाय. बद्रीचं."

"आप्पा, मी बद्रीचं विचारत नाही."

"आईक की. बद्रीला साहेब म्हणतोय, दार उघडं होतं असं लिव. बद्री म्हणतोय, साहेब, दार उघडं असंल तर बाई आत का मेली? कागद उभाच ऱ्हाणार न्हाय. साहेब म्हणतोय, ते तू बघ. तू रायटर हायस. मग बद्री विचार करतोय. वखारीतली बाई परत आत कशाला जाईल? सोनं न्हाय, पोर न्हाय. डबा. डब्याला जाईल. हे कुणालाबी पटंल." ते थांबले. "लई बेस कारण होतं रं. कुणी एक शब्द विचारला न्हाय."

"आणि बद्रीनं हे का केलं?"

"त्याच्या पोरीचं लगीन झालंतं महिन्याआधी. साहेब आलता. बायकोला घेऊन आलता. खुर्ची दिली तर नको म्हणला. खाली पंगतीत बसला, बद्रीच्या भावकीच्या शेजारी, आणि पत्रावळीवर जेवला. दोनदा भात मागून घेतला."

पार्वतीआक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

मालिकेत बद्रीला मुलगी नव्हती. दार नव्हतं, डबा नव्हता.

"हे सगळं मराठीत लिहावं लागलं असतं तर लिहिताच आलं नसतं," मी म्हणालो. सीमाप्रश्नावर मी चार पत्रकं लिहिली होती, पाचवं तिथंच डोक्यात जुळायला लागलं होतं. "कागद तिला वाचता येत नव्हता म्हणून..."

"पत्रक," ते म्हणाले, "तिला मराठी तरी कुठं वाचता येतंय? कागद मराठीत असता तर मी मराठीत खोटं लिवलं असतं. त्यात भाषेला कशाला वढतोस?"

"मग वाचताना खरं का वाचलंत?"

हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी नक्कल उचलली, घडीवर घडी घातली आणि मला परत दिली. "ती समोर बसलीती," एवढंच म्हणाले.

मी म्हणालो, तुम्ही लिहून द्या. तुमच्या सहीनं, खरं काय घडलं ते. तेवढ्या एका कागदावर कुलुपं निघतील. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पेन कानावर होतंच.

गोदाक्काला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, बद्रीचंही. तिनं नक्कल दोनदा मराठीत वाचायला लावली. रडली नाही. हात धुऊन आली आणि पुन्हा बसली.

"डबा?" ती म्हणाली.

"डबा."

"त्या दिशी शालननं डबाच आणला नव्हता. सकाळी आत जायच्या आधी माझ्यातली भाकरी खाल्ली तिनं. अर्धी." मग म्हणाली, "पिक्चर कवा लागतोय त्यो?"

"कुठला?"

"बद्रीचा. आप्पांना न्यायचं."

मला तिचं डोकं फिरलं असं वाटलं. आता वाटत नाही.

पिक्चर लागला आणि पहिल्या आठवड्यात निम्म्या वखारीनं बघितला. गोष्ट गावभर झाली. इन्स्पेक्टर माथूरचा धाकटा भाऊ एका वॉचमनच्या मुलीच्या मरणाला कारण होतो. जागेवर त्याचं घड्याळ पडलेलं असतं. ते सगळ्यात आधी बद्रीला दिसतं, आणि बद्री ते खिशात घालतो. माथूरनं सांगितलेलं नसतं, त्याला माहीतसुद्धा नसतं. सगळा पिक्चर माथूर खुनी शोधत फिरतो आणि बद्री त्याची छत्री धरून मागे उभा. शेवटी कोर्टात बद्री उभा राहतो आणि सांगतो. हा शेवट चाळण मारता मारता बायांनी एकमेकींना इतक्यांदा सांगितला होता की गोदाक्काला तो तोंडपाठ होता. नागोजी सोडून सगळ्यांना ठाऊक होता.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही तीनच्या खेळाला गेलो. नागोजी, शेजारी गोदाक्का, पलीकडे पार्वतीआक्का. मी मागच्या रांगेत. नागोजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सुरुवातीला ते नेहमीसारखे सांगत होते, हळू आवाजात, तिच्याकडे झुकून. घड्याळ खिशात गेलं तेव्हा गोदाक्कानं विचारलं, "का उचललं?"

"साहेबाचं घर वाचावं म्हणून."

"आणि त्या पोरीचं घर?"

"गप बघ की," पार्वतीआक्का म्हणाल्या.

मग कोर्टाचा प्रसंग आला. बद्री कठड्यात उभा. माथूर समोरच्या बाकावर. बद्री टोपी काढतो आणि म्हणतो, घडी मैंने उठाई थी. पुढे आणखी दोन-तीन वाक्यं, तशीच स्वच्छ. लहान पोरालाही कळावं असं हिंदी.

या वेळी नागोजी तिच्याकडे झुकले नाहीत.

"काय म्हणला, आप्पा?" गोदाक्कानं विचारलं.

मला त्यांची मान मागून दिसत होती. पेनाचं निळं टोक दिसत होतं.

"म्हणतोय," ते म्हणाले, "मला काय ठावं न्हाय. मी काय बघितलं न्हाय म्हणतोय."

गोदाक्कानं पदर सावरला. पडद्यावर माथूर रडत होता.

बाहेर आलो तर ऊन तसंच होतं. चौघं चालत निघालो. तंबाखूचा वास त्या रस्त्यावर कायमचा आहे, आम्हाला तो येत नाही. मग गोदाक्का अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आप्पा, एक सांगा की. बद्रीला काय ठावंच न्हाय, तर मग माथूरसाहेब का रडला?"

नागोजी चालत राहिले.

"तुमी समद्याचं कारण सांगताय. त्येचं सांगा की."

ते थांबले. तोंड उघडलं. एवढ्या दिवसांत या माणसाला मी कारणाशिवाय पहिल्यांदा पाहिलं. गोदाक्का अर्धं मिनिट थांबली आणि आपल्या वाटेनं वळली.

पुढच्या रविवारी दुसरी मालिका होती. नागोजींनी जाजम अंथरलं, खुर्ची तिरकी लावली, दार उघडं ठेवलं. कोणी आलं नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं, निदान मी तरी सांगितलं नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा जाजम, पुन्हा कोणी नाही. पार्वतीआक्का दारापाशी उभ्या राहून बोळाकडं बघत होत्या. "या की गं," त्या एकदा म्हणाल्या, समोरून जाणाऱ्या कुणाला तरी. तिसऱ्या रविवारी टीव्ही लागलाच नाही. मला वाटतं, त्या दिवशी ते पहाटेपासून लिहीत असावेत.

दुपारी ते बौद्धवाड्यात गेले. मला बरोबर यायला सांगितलं. गोदाक्का दारात चूल सारवत होती. तिनं हात पुसले, पाट टाकला. ते बसले नाहीत. दुमडलेला कागद काढला, चष्मा लावला, घसा साफ केला. सगळं ठाण्यातल्यासारखं.

"वाचून दाखवतो," ते म्हणाले.

"न्हाय," गोदाक्का म्हणाली.

"मराठीत लिवलंय. वाचून दाखवून मग सही करायची असती गोदाक्का. तशी रीत हाय."

"तुमी वाचू नका, आप्पा. कागद हिकडं द्या."

तिनं कागद घेतला आणि माझ्या हातात दिला. "तू वाच."

मी वाचला. सगळं होतं त्यात. कुलूप होतं, किल्लीवाला होता, साहेबाचा हुकूम होता. डबा मी माझ्या मनाने घातला, असं स्पष्ट होतं. मयत बाई दाराशी येऊ शकली नाही कारण ती सगळ्यात मागे होती, असंही होतं. एकही शब्द जास्त नाही. इतकं चांगलं मराठी गद्य माझ्या एकाही पत्रकात नाही. शेवटी एक ओळ होती, ‘मी असे लिहिण्याचे कारण’, तिच्यापुढं दोन टिंबं, आणि खाली चार बोटं जागा मोकळी.

मी थांबलो.

"म्होरं?" गोदाक्का.

"पुढं काही नाही. कोरं आहे."

मी घाईनं म्हणालो, चालेल, हे पुष्कळ आहे, आप्पा फक्त सही करा. मला तेवढंच पुरत होतं. कुलुपं काढायला कारण लागत नव्हतं, सही लागत होती. मी खिशातून माझं पेनसुद्धा काढलं. कोणी माझ्याकडं बघितलं नाही.

"शालनला कारण दिलंसा," गोदाक्का म्हणाली. "बेस दिलंसा. समद्या गावाला पटलं. आता तुमचं लिवा."

नागोजींनी पेन कानावरून काढलं. दाराच्या चौकटीवर कागद धरला. पेन कागदाला टेकलं आणि तिथंच राहिलं. एक निळा ठिपका उमटला. मला काय लिहायचं ते माहीत होतं. पंगत. पत्रावळ. दोनदा भात. बद्रीच्या नावावर त्यांनी ते केवढ्या सहज सांगितलं होतं. इथं ते शब्द एका मेलेल्या बाईसमोर ठेवायचे होते.

"घरी जाऊन पुरा करून आणतो," ते म्हणाले.

"आणा," गोदाक्का म्हणाली. "मी हाय हितंच."

त्यांनी आणला नाही. मी सात-आठ वेळा मागितला. भांडलो. एकदा असं बोललो की पार्वतीआक्कांनी मला माडीवर जायला सांगितलं. ते दरवेळी म्हणत, "लिवायलोय." सही त्यांनी केली नाही, अर्ध्या कागदावर सही करायची नसते म्हणाले. आमची मोहीम त्या कागदाशिवाय चालली. दोन वखारींनी कुलूप काढलं. आणखी काहींनी कुलूप आतून लावायला सुरुवात केली आणि किल्ली मुकादमाच्या कमरेला. मी त्यावरही पत्रक काढलं.

वर्षाअखेरीस नागोजींनी निपाणी सोडायचं ठरवलं. नंदगडच्या पलीकडे त्यांचं गाव, भावाच्या घराशेजारी एक खोली. तिथं टीव्ही धरत नाही, म्हणून टीव्ही त्यांनी विकला. मी टेम्पोत सामान चढवू लागलो. जाजम गुंडाळलेलं होतं, सुतळीनं तीन ठिकाणी बांधलेलं. पार्वतीआक्का मागं सामानावर बसल्या, पुढं बसायला नको म्हणाल्या. मांडणीतले कप त्यांनी मांडीवर धरले होते, मधे तो गिलास. नागोजी ड्रायव्हरशेजारी. कानावर पेन.

मी खिडकीशी गेलो. "कागद?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला.

"पुरा झाला?"

"सोप्पं नसतंय रं पत्रक," ते म्हणाले. "दुसऱ्याचं कारण लवकर सुचतंय."

टेम्पो निघाला. बोळाच्या तोंडाशी नळ आहे. पाणी आलं होतं, बायांची रांग होती, आणि रांगेत गोदाक्का होती. ड्रायव्हरला घागरी बाजूला होईपर्यंत थांबावं लागलं. त्या दोघांच्या मधे हातभर अंतर असेल. तिनं त्यांच्याकडं बघितलं. नजर काढली नाही, वाट बघितल्यासारखी उभी राहिली. तिची घागर भरून वाहायला लागली तरी.

नागोजींनी हात वर नेला. मला वाटलं, नमस्कार करतायत. त्यांनी कानावरचं पेन काढलं, टोपण लावलं, आणि सदऱ्याच्या खिशात, त्या कागदाशेजारी, ठेवून दिलं.